पाच आठवड्यांचं बाळ, तिन्हीसांजेचं रडणं आणि माझी झोप

अबोली_२१ – १२ जून, पहाटे ३:४०

एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर लेक आहे. चुका समजून घ्या.

मुलगा आज पाच आठवड्यांचा झाला. नॉर्मल डिलिव्हरी, जन्माचं वजन दोन किलो नऊशे, परवा केलं तेव्हा तीन किलो सातशे. दिवसा बरा असतो. पितो, झोपतो, पंख्याकडे टक लावून पडून राहतो. पण दिवेलागण झाली की सुरू होतं. साडेसहा-सातला किरकिर, आठला टाहो, तो दहा-साडेदहापर्यंत. पाय पोटाशी घेतो, मुठी आवळतो, चेहरा लालबुंद. पाजायला घेतलं की दोन घोट ओढतो आणि तोंड फिरवून परत रडतो. त्यानंतर रात्रभर दर दीड-दोन तासांनी उठतो.

आई सव्वा महिना राहणार होती, पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मागच्या रविवारी तिला साताऱ्याला जावं लागलं. सासूबाई नाहीत. नवऱ्याची पंधरा दिवसांची रजा केव्हाच संपली, तो सकाळी आठला निघतो. आम्ही पुण्यात, वाकडला, चौथ्या मजल्यावर. शेजारच्या काकू रोज विचारतात, "दूध पुरतंय ना गं?" वाईट हेतूने नाही विचारत, पण ते ऐकलं की छातीत धस्स होतं. मावशी फोनवर म्हणते, मांडीची सवय लावून ठेवलीस.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. काल रात्री सोफ्यावर बसून पाजताना माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो मांडीवरून घसरून माझी कंबर आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेला होता. तोंड आत, दुपट्याची कड नाकाशी. काही झालं नाही, तो झोपेतच होता. पण तेव्हापासून माझे हात थरथरताहेत. आणि त्याच्या आधी, साडेनऊला, मी त्याला पलंगावर जरा जोरात ठेवलं आणि ओरडले, "काय हवंय तुला!" तो क्षणभर गप्प झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा, नक्की काय केलंत?

मुग्धा_ठाणे – १२ जून, सकाळी ६:२०

अबोली, आधी एक सांगते. पाच आठवड्यांत आठशे ग्रॅम वाढलेलं बाळ उपाशी नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत बाळांचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं, म्हणजे ही वाढ खरं तर तीन-साडेतीन आठवड्यांतली आहे. काकूंना सांगायची गरज नाही, तू स्वतःला सांग.

माझी दोन्ही मुलं संध्याकाळी अशीच अर्ध्या-अर्ध्या तासाने प्यायला मागायची. मला वाटायचं दूध आटलं. आटलेलं नसतं. संध्याकाळी मुलं सतत ओढत राहतात आणि त्या ओढण्यानेच दूध वाढतं. सातच्या आधी तू पोटभर जेवून घेत जा, पाण्याचा तांब्या जवळ ठेव, फोन चार्ज करून ठेव आणि त्या तीन तासांत दुसरं कुठलंही काम धरू नकोस. भांडी सिंकमध्ये पडू देत.

कोकणकन्या – १२ जून, सकाळी ९:०५

पोटात वात धरत असेल. आमच्याकडे रत्नागिरीला अजून गुटी देतात. सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा असं उगाळून चाटवायचं. माझ्या दोघांनाही आईने दिली, छान झोपायची. आणि तिन्हीसांजेला मीठ-मोहरी ओवाळून टाक.

वेदवती – १२ जून, दुपारी २:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सोलापूरला. बाळ बघितल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आम्ही रोज बघतो.

निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. बहुतेकदा ते संध्याकाळीच येतं. वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ मध्ये त्याचं एक माप दिलं होतं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि असं तीन आठवड्यांहून जास्त. नेमकं कारण आजही सापडलेलं नाही. पाय पोटाशी घेणं हे पोटदुखीचंच लक्षण असं आपण धरून चालतो, पण जोरात रडणारं कुठलंही बाळ पाय पोटाशी घेतं. म्हणजे अबोलीताई, तुम्ही चढाच्या अगदी वरच्या टप्प्यावर आहात.

रडण्यासोबत पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर), हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध ओढणंच बंद होणं, बाळ लुळं पडणं, टाळू फुगलेली दिसणं, चोवीस तासांत लघवी सहापेक्षा कमी वेळा होणं, किंवा रडण्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा, चिरका येणं. हे नसेल आणि वजन वाढत असेल तर बाळ सुखरूप आहे.

कोकणकन्याताई, तुमच्या आईंनी प्रेमाने दिलं याबद्दल शंका नाही. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही, असं आम्ही सांगतो ते उगाच नाही. सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने झोपतं. आणि मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनही चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. ग्राइप वॉटरचंही तेच. १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं तेव्हा त्यात शेपेचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. आताच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण त्याने रडणं थांबतं याला आधारही नाही. शेपा बाळंतिणीने खाव्यात, बाळाने नाही.

सोफ्याचं मात्र अगदी गंभीरपणे घ्या. पेंगत असताना बाळाला घेऊन बसायला सोफा ही सगळ्यात धोक्याची जागा आहे. रात्री पाजायचं तर पलंगावर किंवा खाली गादीवर बसून, उशा-पांघरूण बाजूला सारून. म्हणजे डोळा लागलाच तरी घसरण्याची फट नसते. पाजून झालं की बाळ तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट, कडक गादीवर, पाठीवर झोपवा. डोक्याखाली मोहरीची उशी नको.

आणि साडेनऊचं. इतक्या थकव्यात राग येतो, चांगल्या आयांनाही येतो. तो आला की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तेवढं रडल्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून हात शिवशिवायच्या आधी ठेवून द्या.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ मांडीने लाडावत नाही. हवं तितकं घ्या.

कोकणकन्या – १२ जून, संध्याकाळी ५:५०

डॉक्टर, जायफळाचं माहीत नव्हतं. बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं आहे, आज तिला फोन करते. मीठ-मोहरी तरी ओवाळू ना? त्याने आईला बरं वाटतं.

वेदवती – १२ जून, रात्री ८:१०

जरूर ओवाळा. फक्त ती जाळलेला धूर आणि धुरी बाळाच्या खोलीत नको.

वाईची_आजी – १३ जून, सकाळी ११:३०

नातवाने अकाउंट उघडून दिलंय, वाचत असते. आज लिहावंसं वाटलं.

अबोली बाळा, माझा थोरला १९७८ च्या जानेवारीतला. तोही असाच, दिवे लागले की सुरू. घर मोठं होतं, सासूबाई, चुलतसासू, दोन जावा, एक लग्नाची नणंद. मी बाळंतिणीच्या खोलीत असायचे आणि पोरगं घरभर फिरायचं. एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या. नणंद त्याला घेऊन परसात चिंचेखाली येरझाऱ्या घालायची. रात्री मला उठवायचे ते फक्त पाजायला. पाजून झालं की सासूबाई त्याला उचलून न्यायच्या, ढेकर त्या काढायच्या, लंगोट त्या बदलायच्या. पोर रडायचं तितकंच रडायचं. मी मात्र झोपायचे.

आता लोक म्हणतात, पूर्वीच्या बायका कशा निभावायच्या, आजकालच्या मुलींना जमत नाही. पूर्वीच्या बायका एकट्या निभावत नव्हत्या गं. पाच जणी मिळून एक पोर सांभाळत होतो. तू एकटी पाच जणींचं काम करते आहेस.

पण त्या घरात सगळं चांगलं होतं असंही सांगणार नाही. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांनी ठरवलं की हिचं दूध अंगी लागत नाही म्हणून पोर रडतंय, आणि गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने सुरू केलं. त्याला जुलाब लागले, मरता मरता वाचला. माझं दूध त्यात आटलं. मी सत्तरीला आले तरी मनात हेच होतं की माझ्यात काहीतरी कमी होतं. काल डॉक्टरबाईंचं वाचलं, की सहाव्या आठवड्याला सगळीच पोरं जास्त रडतात. दोनदा वाचलं. मग चहा केला आणि एकटीच बसून राहिले बराच वेळ.

कुणाला दूध पुरतंय का असं विचारू देऊ नकोस.

डोंबिवलीचा_बाबा – १३ जून, रात्री १०:४५

पुरुष म्हणून लिहितोय, चालेल ना? मुलगी आता सात महिन्यांची आहे. आमच्या घरातही चौथ्या आठवड्यात अशीच वेळ आली होती. बायको स्वयंपाकघरात उभी होती, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, सात झाल्या, ती गॅस बंद करेना. मी जाऊन बंद केला तेव्हा म्हणाली, "मला ऐकूच आलं नाही." त्या रात्री मी ठरवलं की आपण 'मदत' करतोय हे डोक्यातून काढायचं आणि रात्र वाटून घ्यायची.

आमची वाटणी अशी होती. साडेआठला बायको पाजायची आणि लगेच आतल्या खोलीत, दार बंद, पंखा मोठा. साडेआठ ते एक मुलगी माझी. दुपारी एका फीडनंतर बायको थोडं दूध हाताने काढून उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. अकराच्या सुमाराला मी ती वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचो आणि चमच्याने पाजायचो. बाटली नाही वापरली. पहिल्या रात्री अर्धं दूध झबल्यावर सांडलं, तिसऱ्या रात्रीपर्यंत जमलं. एक वाजता बायको उठायची आणि मी झोपायचो ते साडेसहापर्यंत. सातचाळीसची लोकल मिळायची. म्हणजे दोघांनाही रोज साडेचार-साडेपाच तास सलग मिळत होते. तुकड्यातुकड्याने सात तास झोपण्यापेक्षा सलग साडेचार तास माणसाला माणूस करतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस मुलगी रडायला लागली की बायको दार उघडून उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती उभी. मी म्हणायचो, ती माझ्याजवळ रडतेय, एकटी रडत नाहीये. तिसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. एकला मीच आत गेलो उठवायला, तर गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटली होती इतकी गाढ झोपली होती.

रडणाऱ्या बाळासोबत मी काय करायचो? खांद्यावर उभी धरायची, तिचं पोट माझ्या खांद्याच्या हाडावर येईल अशी. गॅलरीत जायचो. मोरीतला नळ बारीक सोडायचो, त्या आवाजाने कधी शांत व्हायची, कधी नाही. एक गोष्ट खरंच उपयोगी पडली. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकवीस बाळांवर केलेला छोटा अभ्यास वाचला होता: रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता पाच मिनिटं चालायचं, झोपलं की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटं घेऊन बसून राहायचं, मग ठेवायचं. आम्ही आधी झोपली की लगेच ठेवायचो आणि पाठ टेकताच ती उठायची. घड्याळ लावून आठ मिनिटं बसायला लागलो तेव्हापासून निम्म्या वेळा तरी टिकली. निम्म्याच, पण त्या निम्म्या फार होत्या.

अबोली, तुमच्या नवऱ्याला हा धागा वाचायला द्या. साडेनऊची गोष्टही सांगा. माझ्या बायकोने मला तसंच काहीतरी तिसऱ्या महिन्यात सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी आधी जागा झालो असतो.

लीड्सची_लेक – १४ जून, पहाटे १:२०

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. इथे इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाला बघणारी नर्स, घरी येते, तिने मला बाळाच्या आधी विचारलं होतं, "तू काल किती झोपलीस?" मराठीत मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

आशा_चंद्रपूर – १४ जून, दुपारी १:००

मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. आमच्या भागात दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही घरी सहा वेळा जातो: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळ बघायचं हे काम शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून दाखवलं, मग देशभर आलं. वजनकाटा, थर्मामीटर घेऊन जाते. पण खरं सांगते ताई, बाळ तपासून झालं की मी पाच मिनिटं आईजवळ बसते. काही बाया तेवढ्यात रडून घेतात. घरचे विचारतात, काय झालं हिला? मी म्हणते, काही नाही, आज हिला दुपारी दोन तास निजू द्या, बाळाला तुम्ही घ्या. आशाताईने सांगितलं म्हटलं की ऐकतात. तुमच्याकडे आशा येत नसेल तर डॉक्टरकडून नवऱ्यासमोर हेच वदवून घ्या.

शर्वरी_कोल्हापूर – १४ जून, रात्री ११:५५

हे थोडं वेगळं आहे, पण धाग्यावर असायला हवं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, उगाच भरून येतं. ते बहुतेक बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही. माझी खूण अशी होती की बाळ झोपलेलं असायचं, आई म्हणायची झोप गं, आणि मला झोपच यायची नाही. छताकडे बघत पडायचे. भूक मेली होती. वाटायचं, ही माझ्याशिवाय जास्त चांगली वाढेल. मी एकदा चप्पल घालून रंकाळा तलावापर्यंत चालत गेले होते. का गेले ते तिथे पोचल्यावर कळलं आणि भीती वाटली. परत आले आणि भावाला सांगितलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं, अंगावर पाजत असताना चालणारं. दीड-दोन महिन्यांत मी मला परत सापडले. लेक आता तीन वर्षांची आहे. अबोली, तुझं हे असेलच असं नाही, नुसता थकवाही असू शकतो. पण संधी मिळूनही झोप लागत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला काही करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी बोल. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर कुणाला सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

अबोली_२१ – १५ जून, दुपारी ३:१०

शर्वरी, मी झोपते गं. संधी मिळाली की दगडासारखी झोपते. पण तुझा नंबर लिहून फ्रिजवर लावलाय. लिहिलंस म्हणून खूप आभार.

आजी, तुमचं वाचून मी हुंदके देऊन रडले. बाळ झोपला होता, मीच रडत होते.

नवऱ्याला परवा रात्री धागा दिला वाचायला. तो बाथरूममध्ये जाऊन वाचत बसला, बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर साडेनऊच्या गोष्टीवर काहीच बोलला नाही. फक्त सोफ्यावरच्या उश्या उचलून माळ्यावर टाकल्या आणि पाजण्यासाठी खाली गादी घातली.

वाईची_आजी – १५ जून, संध्याकाळी ६:३०

गुणाचा आहे.

अबोली_२१ – २१ जून, रात्री ८:२५

घाईत लिहितेय. डॉक्टरांना दाखवलं, वजन तीन किलो नऊशे चाळीस, सगळं व्यवस्थित. मी विचारायच्या आधीच त्यांनी नवऱ्याला विचारलं, रात्री कोण उठतं? आशाताई, तुमची आठवण झाली.

रडणं कमी झालेलं नाही. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतोय. सोमवारी सव्वादोन तास, मंगळवारी तीन, काल पावणेतीन. पण लिहायला लागल्यापासून ते अख्ख्या रात्रीएवढं वाटत नाही, पावणेतीन तासांएवढंच वाटतं. नणंद चिंचवडहून शनिवारी येऊन राहिली, येताना दोन वेळच्या पोळ्या आणि अळिवाचे लाडू घेऊन आली. शेजारच्या काकूंना मी धीर करून म्हटलं, दूध पुरतंय, पण सात ते आठ त्याला घेऊन बसाल का? त्या रोज येतात आता. बहुतेक त्यांना तेच हवं होतं, विचारता येत नव्हतं.

पाच रात्रींपैकी तीन रात्री मी चार तासांच्या वर सलग झोपले. दोन रात्री जमलं नाही, त्याने चमच्याने प्यायला साफ नकार दिला. आज परत करून बघतोय. वाटी फ्रिजमध्ये आहे.

साडेआठ होत आले. नवरा त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेलाय, रडण्याचा आवाज इथवर येतोय. मी दार लावून झोपतेय.